उन्हानं खाल्लेली खूण

बिब्बा एकदा कापडाला लागला की जात नाही, असं मी आयुष्यभर लोकांना छातीठोकपणे सांगत आले. सोड्यात उकळा, ब्लिचिंगमध्ये बुडवा, दगडावर आपटून कापडाच्या चिंध्या करा, बिब्ब्याची खूण हलायची नाही. त्याच भरवशावर मी माझ्या नवऱ्याला घराबाहेर फिरू दिलं. कुठं चुकलं ते सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मधेच "अगंबाई, मग तुम्ही असं का नाही केलंत?" म्हणून विचारायचं नाही. वर्षभर तेच ऐकून माझे कान किटलेत.

मी मालन परीट. मिरजेला कृष्णाघाटावर आमच्या घरानं चार पिढ्या कपडे धुतले. मालक म्हणजे माझे यजमान, निवृत्ती परीट. आमच्यात नवऱ्याला मालक म्हणतात, म्हणून म्हणायचं. बाकी घरात कुणाचं चालायचं ते सगळ्या घाटाला माहीत होतं.

परटाकडं पंचवीस घरांचे कपडे एकाच भट्टीत शिजतात. मग कुणाचा सदरा कुणाचा हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक घराची एक खूण. बिब्ब्याला दाभण टोचायचं, टोकावर काळा चीक येतो, त्यानं कॉलरच्या आतल्या अंगाला बारीक खूण काढायची आणि वर चुन्याचं बोट टेकवायचं. झालं. दुसऱ्या कुणाच्या अंगाला बिब्बा लागला तर उततो, टरटरून फोड येतात. आमच्या बोटांना त्याचं काही वाटत नाही.

आमच्या स्वतःच्या घरचीही खूण होती, कारण घाटावर सगळ्यांचे कपडे शेजारी शेजारी वाळायचे. एक उभी रेघ, बाजूला दोन टिंबं आणि खाली आकडी. मालक डावखुरे, त्यांची आकडी डावीकडं वळायची. माझी उजवीकडं. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोवर सासूबाई म्हणाल्या, "ही पोरगी आमच्या घरची खूण उलटी काढती." मी म्हटलं, "मी सरळच काढते, तुमचा लेक उलटी काढतो." सासूबाईंचं तोंड एवढं झालं. मालक मात्र पाठ फिरवून हसत होते, खांदे हलत होते त्यांचे. तेव्हाच मला हा माणूस आवडला.

आठ वर्षांपूर्वी मालकांचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग वार, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, गोळ्या दिल्या आणि माझ्याकडं बघून मान हलवली. गोळ्यांनी विसरणं सावकाश झालं, थांबलं नाही. आणि एक दिवस मालक घरातून निघाले ते परत आलेच नाहीत. संध्याकाळी जयसिंगपूरहून रामू परटाचा फोन. म्हणाला, "मालनवहिनी, तुमचं कापड माझ्याकडं आलंय. आत माणूसपण हाय."

मी हसू का रडू. रामूनं कॉलर उलटली होती. परटाची जातच तशी, माणूस समोर आला की आधी कॉलर बघतो. आकडी डावीकडं म्हणजे मिरजेच्या निवृत्ती परटाचं घर, हे जयसिंगपूरपासून सांगलीपर्यंत सगळ्या परटांना ठाऊक. त्यानंतर दोनदा असंच झालं, एकदा सांगलीहून, एकदा कुपवाडहून. मी मालकांच्या झाडून सगळ्या कपड्यांना खुणा घातल्या, बंड्यांनासुद्धा.

आमची लेक कीर्ती बंगळुरूला असते. तिनं मनगटात बांधायचा पट्टा पाठवला, माणूस कुठं आहे ते फोनवर दाखवणारा. चांगला होता. पण परीट पाण्यात हात घालायच्या आधी मनगट मोकळं करतो. घड्याळ, कडं, गंडा, काही ठेवत नाही. पन्नास वर्षांची सवय ती. मालकांना पाणी दिसलं की पट्टा काढून दगडावर. नळ दिसला तरी काढायचे. तो पट्टा मी एकदा रसवंतीगृहाच्या टाकीवरून आणलाय आणि दोनदा घाटावरून.

तर आता कापडाचं.

कीर्ती रसायनशास्त्र शिकली. परटाची पोर डॉक्टरेट झाली म्हणून आम्ही घाटावर पेढे वाटले होते. ती कापडावर कसला तरी लेप चढवायच्या कंपनीत लागली. पाच वर्षांपूर्वी ती घरी आली आणि पिशवीतून पाच शर्ट काढले, आकाशी रंगाचे. म्हणाली, "आण्णांसाठी. आई, इकडे ये, गंमत दाखवते." आणि माझ्यादेखत त्यातल्या एका शर्टावर कपभर चहा ओतला.

"अगं, तुला काय वेड लागलंय का?" मी ओरडले.

"थांब की." तिनं शर्ट न धुता तसाच अंगणात तारेवर टाकला. आम्ही जेवलो. दीड तासानं तिनं शर्ट आणून माझ्या मांडीवर ठेवला. चहाचा मागमूस नव्हता. मी नाकाला लावला, वास घेतला, उजेडात धरला, थुंकी लावून चोळला. पन्नास वर्षांचा अनुभव माझा, मला डाग सापडत नव्हता.

"पाणी नाही, साबण नाही?"

"फक्त ऊन," ती म्हणाली. मग पायरीवर बसून तिनं मला समजावलं. लहानपणी मी तिला नीळ-खळ समजावलं होतं तसंच, न चिडता.

"टायटॅनियम नावाचा धातू आहे. तो ऑक्सिजनशी बांधला गेला की त्याची पांढरी पूड होते. भिंतीच्या रंगात असते ती. ही पूड अर्धवाहक आहे. म्हणजे तांब्याच्या तारेसारखी वीज धडाधड वाहू देत नाही आणि काचेसारखी पूर्ण अडवतही नाही. तिच्यातले इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावर गप बसलेले असतात. उजेडाचा कण येऊन धडकला की एखादा इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर उडतो, आणि खाली त्याची जागा रिकामी पडते. ती रिकामी जागा फार हावरी असते बघ. हवेतल्या दमटपणाचं पाणी कापडाला चिकटलेलं असतं, त्याच्यातून ती इलेक्ट्रॉन ओरबाडून घेते. वर उडालेला जो असतो तो हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. दोन्हीकडून असे तापट तुकडे तयार होतात, की समोर येईल त्याला फोडून काढतात."

"तुझ्या आत्यासारखे."

"तुझ्यासारखे," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. "घाम, तेल, चहा, हळद, ज्याच्यात म्हणून कार्बन आहे ते सगळं ते फोडतात. शेवटी उरते नुसती वाफ, आणि आपण श्वासातून सोडतो तो वायू. पूर्वी याला उन्हातले फक्त जांभळ्यापलीकडचे किरण चालायचे. आम्ही त्या पुडीत थोडा नायट्रोजन मिसळला, आता साधा उजेडही चालतो."

"मग ते कापडालाच का नाही खात? सुतात काय कार्बन नसतो का?"

तिनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. "हाच प्रश्न सोडवायला आम्हाला सहा वर्षं लागली. सुताच्या अंगावर आधी काचेसारखा अगदी पातळ थर देतो, त्याच्यावर ही पूड. म्हणून सूत वाचतं."

"आणि अंधारात?"

"अंधारात ते झोपतं. उजेड नाही तर काही नाही."

मी शर्टाची घडी घातली. "छान आहे," मी म्हटलं, "पण कीर्ते, पोटावर पाय आणलास की गं माझ्या."

 ती म्हणाली, "तुझे हात बघ, आई. सोड्यानं काय झालेत. मला लहानपणापासून वाटायचं, हे थांबलं पाहिजे." हात खरंच वाईट झाले होते. मी चहा टाकला.

झालंही तसंच. दोन वर्षांत लोक त्याला उन्हाचं कापड म्हणायला लागले. आधी नोकरदारांनी घेतलं, मग शाळांचे गणवेश झाले, मग मिरजेच्या दवाखान्यांच्या चादरी. घाटावर चाळीस दगड होते. एकेक घर उठलं. कुणी रिक्षा घेतली, कुणी लेकाकडं पुण्याला गेलं. जयसिंगपूरच्या रामूनं दुकान बंद करून मोबाइलची दुरुस्ती सुरू केली. मी एकटी राहिले, कारण साधं सुती वापरणारी थोडी म्हातारी माणसं शिल्लक होती, आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

मालकांना ते आकाशी शर्ट फार आवडले. मी पाचांनाही कॉलरच्या आत बिब्ब्यानं खूण घातली, माझ्या हातची, उजव्या आकडीची. वर चुना लावला आणि निर्धास्त झाले.

गेल्या वर्षीचा चैत्र. मंगळवार होता. दुपारी बाराच्या सुमाराला मी ब्राह्मणपुरीत इस्त्रीचे कपडे पोचवायला गेले. मालक ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "हलू नका, अर्ध्या तासात येते, मग जेवू." ते म्हणाले, "बरं." आले तेव्हा ओटा रिकामा.

मला सुरुवातीला काही वाटलं नाही. फोनवर बघितलं, पट्टा घाटावर. म्हटलं, आणते. गेले तर आमच्याच दगडावर पट्टा नीट ठेवलेला. माणूस नाही. पुढं नदी.

होडीवाल्यांनी दोन दिवस नदी चाळली. पोलिसांत वर्दी दिली. त्यांनी फोटो संगणकात घातला, संगणकानं आठ माणसं दाखवली, आठही दुसऱ्यांची. मी मात्र लोकांना सांगत होते, घाबरू नका, खूण आहे अंगावर, कुठला तरी परीट फोन करील. आठवडा गेला. फोन आला नाही.

कीर्ती पहिल्याच रात्री आली होती. बाराव्या दिवशी ती मालकांचं कपाट आवरत होती, म्हणजे खरं तर त्यांचे कपडे हातात घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "आई, यांच्यावर खूण कुठे आहे?"

"कॉलरीत. नीट बघ."

"नाहीये."

मी शर्ट हिसकावून घेतला. कॉलर उलटली. आकाशी, स्वच्छ, कालच शिवल्यासारखी. दुसरा घेतला, तिसरा घेतला, चौथा घेतला. चौथ्याच्या शिवणीच्या टाक्याखाली अर्धं टिंब राहिलं होतं. कीर्तीनं टाका उसवून बघितला, आणि जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं ते काळंभोर टिंब तसंच होतं.

"बिब्बा म्हणजे तरी काय, झाडाचा चीक," ती हळूच म्हणाली. "कार्बनच तो. पण आई, आतल्या बाजूला होती ना खूण? घातलेल्या शर्टाच्या कॉलरीत एवढा उजेड जातच नाही. तू वाळत कसे घालायचीस?"

"उलटे," मी म्हटलं. "उलटेच घालतात वाळत."

"का?"

"रंग विटू नये म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "याचा रंग विटत नाही, आई. खनिजाचा रंग आहे. मी सांगितलं नव्हतं का तुला?"

सांगितलं असेल. पण रंगीत कापड उलटं वाळत घालायचं हे मला माझ्या आईनं शिकवलं, सात वर्षांची असताना. हातच तसा जातो. रोज मी शर्ट उलटा करून तारेवर टाकत होते आणि ऊन बरोबर त्या खुणेवर पडत होतं. सरळ टाकला असता तरी चाललं असतं. काही न करता खुंटीला टांगला असता तरी चाललं असतं. आणि खूण आहे की नाही हे मी चार वर्षांत एकदाही बघितलं नाही. बिब्बा काय तपासायचा असतो?

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

"नाही, माझ्यामुळं," कीर्ती म्हणाली. "कापड मी केलं." आणि आम्ही दोघी भांडलो, कुणाची चूक मोठी यावरून. असलं भांडण वैऱ्यावर येऊ नये.

श्रावणात तिचा फोन आला. अडखळत म्हणाली, "आई, पट्टा घाटावर सापडला. नदीच आहे पुढे. आता किती दिवस... भटजींना विचारून दिवस करून टाकू या का? तुलाही जरा मोकळं होईल."

"मी मोकळी व्हायला मागितलंय का?" मी फाडकन म्हटलं. "माझं कुंकू पुसायची एवढी घाई झालीय तुला?"

एवढं बोलायला नको होतं. तीही बाप गमावून बसली होती. त्यानंतर तिचा फोन आठवड्याला यायचा. जेवलीस का, औषध घेतलंस का, बरं ठेवते. मी पण हं हं करायची. दोघींना एकमेकींचा आवाज सोसत नव्हता, हे खरं.

एकटेपण काय असतं ते मला ठाऊक नव्हतं हो. घाटावर कायम चाळीस दगडांचा आवाज, शिव्या, गाणी, भांडणं. आता मी एकटी कपडा आपटते, तो आवाज पलीकडच्या काठावर जाऊन परत येतो, मग पुन्हा मी आपटते. घरी आले की सवयीनं म्हणते, "चहा ठेवलाय." कुणी हं करत नाही. मग तो चहा मीच पिते, दोघांचा. कधी कधी लक्षात यायचं की आज सकाळपासून आपण एक अक्षर बोललेलो नाही. मग इस्त्रीशीच बोलायची मी. "काय गं बाई, तापलीस का?" हसायचं असेल तर हसा.

या वर्षी माघात एक टेम्पो दारात थांबला. चालवणारा बसू म्हणून, चाळिशीचा, कर्नाटकातल्या अथणीकडचा. म्हणाला, "मावशी, साधं सुती धुता का तुम्ही? तीन तालुक्यांत धुणारं कुणी राहिलं नाही. आमच्याकडं आश्रम आहे, साठ निराधार माणसांचा. लोकांनी उन्हाचं कापड घेतलं आणि घरातलं जुनं सगळं आश्रमाला आणून टाकलं. मशीन लावलं तर जुनं फाटतंय, हातानंच धुवायला पाहिजे."

मी म्हटलं, "टाका." तीन बोचकी होती.

दुपारी घाटावर पहिलं बोचकं सोडलं. वर एक पांढरा सदरा, जुना, कोपरावर ठिगळ. मी सवयीनं कॉलर उलटली.

उभी रेघ. दोन टिंबं. खाली आकडी, डावीकडं.

मी खालीच बसले, पाण्यात. दुसरा सदरा काढला, त्यावर तीच. लुगड्याच्या कोपऱ्यावर तीच. पायजम्याच्या नाड्याजवळ, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला, तीच. खूण ताजी होती, चुन्याचा पांढरा ठिपका अजून बोटाला लागत होता. तिथल्या साठ माणसांचे कपडे, आणि सगळे आमच्या घरचे केलेले.

अशी आकडी काढणारा हात जगात एकच होता.

मी ओल्या लुगड्यानं कीर्तीला फोन लावला. तिनं "जेवलीस का" म्हणायच्या आत म्हटलं, "कीर्ते, डावी आकडी. ताजी."  पलीकडून तिचं रडू ऐकू आलं, लहानपणीसारखं, हुंदके देऊन. "मी निघते, आई. थांब माझ्यासाठी."

"तू ये," मी म्हटलं, "पण मी थांबत नाही."

कपडे तसेच राहिले. बसू अजून मिरजेतच होता, बाजार करत. त्याच्या शेजारी बसून मी अथणीच्या रस्त्याला लागले. वाटेत ऊस, ऊस आणि ऊस. मी सबंध रस्ताभर एकच विचार करत होते, की हा माणूस नाव विसरला, वार विसरला, मी कोण ते तर कधीच विसरला होता, पण हात विसरला नाही. हाताला कुणी सांगितलं असेल?

आश्रम बघणाऱ्या सुवर्णाताई दारातच भेटल्या. मी खुणेचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "गेल्या चैत्रात आले ते. बाजाराच्या गाडीत बसून आले होते, उन्हानं चक्कर येऊन पडले. नाव विचारलं तर एवढंच म्हणाले, परीट. खिशात काही नाही. मी कॉलरसुद्धा उलटून बघितली हो, आमची आई बघायची तशी. एकदम कोरी."

मला तिथंच रडू फुटलं. त्यांना वाटलं आनंदानं.

"तो निळा शर्ट त्यांना आवडत नाही," त्या सांगत होत्या. "धुवायला घेतात आणि चिडतात, यातनं मळच निघत नाही म्हणून. ट्रंकेत ठेवलाय मी. बाजारच्या दिवशी बिब्बा मागतात. कशाला लागतो ते आम्हाला कळलं नव्हतं. कपड्यांवर काहीतरी काढत बसतात, गप असतात, म्हणून आम्ही काढू देतो."

मालक मागच्या अंगणात नळाजवळ बसले होते. दाढी वाढलेली, खांदे गेलेले, मनगट मोकळं. डाव्या हातात दाभण. समोर कपड्यांचा ढीग. मी पुढं जाऊन उभी राहिले. 

त्यांनी वर बघितलं. नजर माझ्यावरून पुढं गेली, पाण्यावरून जावी तशी. मग गिऱ्हाइकाला विचारतात तसं म्हणाले, "किती नग?"

मला वाटलं होतं, बघितल्यावर काहीतरी हलेल. निदान भुवई. काही हलली नाही. मी म्हटलं, "एकच."

"दाखवा."

माझ्याकडं दाखवायला काय होतं? मी पदराचा शेव पुढं केला. त्यांनी तो घेतला, अंगठ्यानं सरळ केला, आणि परटाला उलटायची सवय असते तसा कोपरा उलटला. हे लुगडं माझं साधं सुती, बारा वर्षांचं. खूण त्यांच्याच हातची. रोजच्या उन्हात वाळूनसुद्धा काळीभोर.

ते तिच्याकडं बघत राहिले. अंगठा तिच्यावरून फिरवला, एकदा, दोनदा.

"हे आमच्या घरचं हाय," ते म्हणाले.

"व्हय?"

"आकडी बघा की. माझ्या हातची हाय." त्यांच्या आवाजात एकदम धंद्याची काळजी आली. "हे इकडं कसं आलं?"

"चुकून आलं," मी म्हटलं.

"चुकून आलं म्हणून काय ठेवून घ्यायचं? घरी शोधत असतील. पोचवाया पाहिजे." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दाभण कानामागं खोचलं. पदर सोडला नाही.

"कुणाकडं पोचवायचं?" मी विचारलं. 

"मालनकडं. मिरजेला, घाटावर." मग इकडंतिकडं बघून आवाज खाली केला. "लई तापट बाई हाय. उशीर झाला तर घाट डोक्यावर घेती."

सुवर्णाताईंनी तोंडाला पदर लावला. मी त्यांच्या वहीत सही केली. वर्षभर ज्या रागानं मी सगळ्यांना बोलले तो राग त्या वेळी कुठं शोधूनही सापडला नसता.

टेम्पोत मालक माझ्या शेजारी बसले, पदराचा कोपरा मुठीत धरून. सांभाळून धरलेला, दुसऱ्याचं कापड धरतात तसा. त्यांनी दोनदा विचारलं, "अजून किती लांब?" मी म्हटलं, "आलंच." त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. कामावर निघालेला माणूस रस्ता बघतो, शेजारची बाई नाही. उसाच्या शेतांवर ऊन कलत होतं आणि मी त्यांच्या मुठीकडं बघत बसले होते.

घर आलं. ओटा आला. मालक उतरले, दाराशी थांबले, आत डोकावून हाक मारली, "मालन!" घरात कुणी नव्हतं, त्यामुळं कुणी ओ दिली नाही. ते जरा ओशाळले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "घाटावर गेली असंल. येईल इतक्यात. तुम्ही बसा की, बाई. लांबनं आलाय. मालन आली की चहा ठेवील."

मी आत गेले आणि चहा ठेवला.